१६५२ भाषा मेल्या नाहीत, त्या 'इतर'मध्ये गेल्या

दर २७ फेब्रुवारीच्या आसपास तो फॉरवर्ड फिरायला लागतो. १९६१ला देशात १६५२ भाषा, १९७१ला १०८, म्हणजे दहा वर्षांत दीड हजार भाषा मेल्या. खाली रडके इमोजी. अहो, दहा वर्षांत दीड हजार भाषा मरत नसतात. त्या तक्त्यातून गाळल्या गेल्या. ती चाळणी कशी चालते हे आत्ताच समजून घ्यायला हवं, कारण २०२७च्या जनगणनेत जात नोंदवली जाणार आहे.

आधी तो १६५२चा आकडा. त्या भाषा नव्हत्याच. लोकांनी 'मातृभाषा काय?' या प्रश्नाला जी नावं सांगितली, ती थोडीफार छाननी करून छापलेली यादी होती. अशोक मित्र तेव्हा महानिबंधक होते. चार-पाच माणसांनी सांगितलेलं नावसुद्धा तक्त्यात आलं. परदेशी भाषा आल्या, कुठल्या कुळात टाकावं ते न कळलेली शेकडो नावंही आली. गबाळी यादी, पण प्रामाणिक. १९७१ला नियम बदलला: दहा हजारांपेक्षा कमी बोलणारे असतील तर नाव स्वतंत्र छापायचं नाही. बस्स, एवढंच झालं.

माझं पोट एक्सेल आणि पॉवर क्वेरीवर चालतं, म्हणून हे लगेच डोळ्यांत भरतं. तक्ता गाळायच्या दोन रीती असतात. एक, ओळ बघून गाळणं: वय १८च्या खाली असेल तर ती ओळ काढ. दुसरी, आधी गट पाडायचे, प्रत्येक गटाची मोजदाद करायची आणि मग आकडा बघून अख्खा गट काढायचा. पहिल्या रीतीत माणूस त्याच्या स्वतःच्या माहितीवरून बाहेर जातो. दुसरीत त्याच्या माहितीत काही खोट नसते, त्याच्यासारखे लोक कमी आहेत एवढ्यावरून तो जातो. गट पाडणं काही कॉम्प्युटरने आणलेलं नाही. आपल्याकडे १९०१च्या जनगणनेत माणशी एक चिठ्ठी ही पद्धत आली. कारकून त्या चिठ्ठ्या लाकडी खणांत टाकायचे, मग खणागणिक मोजायचे. खणांवरची नावं आधी कोणीतरी ठरवलेली असायची, हे लक्षात ठेवा.

खरी गोम क्रमात आहे. ही चूक मी स्वतः केलीय. एका संस्थेसाठी लाभार्थ्यांची गाववार यादी करत होतो. दहापेक्षा कमी नावं असलेली गावं काढून टाकली, तक्ता एकदम सुटसुटीत झाला. नंतर कळलं की 'वडगाव बु.', 'वडगाव बुद्रुक' आणि 'वडगांव बुद्रुक' ही तीन वेगळी गावं धरली गेली होती. चार, तीन आणि पाच. एकत्र केली असती तर बारा, म्हणजे गाव राहिलं असतं. नावं आधी जुळवायची आणि मग गाळायचं. मी उलटं केलं होतं. बेरजेत फरक दिसला नाही, कारण गाळलेले सगळे 'इतर'मध्ये जमा होते.

आता २०११चे भाषेचे तक्ते बघा. लोकांनी सांगितलेली नावं १९,५६९. छाननीनंतर १,३६९ मातृभाषा उरल्या, आणि १,४७४ नावं 'अवर्गीकृत' म्हणून बाजूला गेली. दहा हजारांची चाळणी लावल्यावर उरल्या २७०. त्या १२१ भाषांखाली बसवल्या. इथे नावं आधी जुळवली, ते ठीकच. पण कोणाला कोणाच्या खणात टाकलं? बंजारी सांगणारे १५.८१ लाख आणि लमाणी/लंबाडी सांगणारे ३२.७६ लाख. तांड्यावर जाऊन विचारा, गोरबोली एकच आहे म्हणतील. तक्त्यात त्या दोन ओळी आहेत आणि दोन्ही हिंदीखाली! भोजपुरीचे पाच कोटीही तिथेच. हिंदीचे ५२.८ कोटी म्हणतात त्यात 'हिंदी' असंच सांगणारे ३२.२ कोटी. अहिराणीवाले नशीबवान, त्यांना खानदेशी हा वेगळा खण तरी मिळाला.

आणि निहाली. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदकडे सातपुड्याच्या पायथ्याशी बोलली जाते. ना द्रविड, ना आर्य, ना शेजारच्या कोरकूच्या कुळातली. जगात तिचं सिद्ध झालेलं नातेवाईक नाही. बोलणारे दोन-अडीच हजार. दहा हजारांच्या चाळणीत ती कधीच टिकणार नाही. 'इतर भाषा' या एका ओळीत पावणेएकोणीस लाख माणसं आहेत, त्यात ती धरायची. देशाची बेरीज अगदी चोख जुळते, म्हणून कोणी ओरडत नाही.

आता जातीकडे या. २०११च्या सामाजिक-आर्थिक आणि जात सर्वेक्षणात देशभरात ४६ लाखांवर जातिनामं निघाली. १९३१ला ४,१४७ होती. ओबीसी आकडेवारीसाठी आपलं राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा २०२१च्या प्रतिज्ञापत्रात केंद्राने सांगितलं की एकट्या महाराष्ट्रात सव्वाचार लाखांहून जास्त नावं आहेत आणि त्यांतल्या ९९ टक्क्यांहून अधिक नावांची लोकसंख्या शंभरच्याही आत आहे. म्हणून ही आकडेवारी वापरण्याजोगी नाही.

मला हे वाचताना वडगावच दिसलं. सव्वाचार लाख जाती नसतातच. आडनावं, पोटजाती, गोत्रं, वेगवेगळी स्पेलिंगं असतात. एकाच छोट्या भटक्या जमातीचं नाव वीस प्रकारे लिहिलं गेलं, तर वीसही तुकडे शंभरच्या आत. मोठ्या जातीचं नाव चार ठिकाणी चुकलं तरी तिला काय फरक पडतो?

तेव्हा २०२७चा तक्ता बाहेर यायच्या आधी तीन गोष्टी विचारून ठेवू. नावं कोण जुळवणार आणि ती यादी हरकतींसाठी आधी खुली होणार का? चाळणीचा आकडा किती? आणि 'इतर'मध्ये टाकलेल्या नावांची फाइल वेगळी मिळणार का? १९७१ला कागद आणि छपाईचं कारण सांगता आलं असतं. यंदा प्रगणकाच्या हातात मोबाइल आहे.