पालवणकर, बाळू

पालवणकर, बाळू : (१९ मार्च १८७६ – ४ जुलै १९५५). भारतीय क्रिकेटच्या आरंभकाळातील श्रेष्ठ डावखुरे फिरकी गोलंदाज. जन्म धारवाड येथे, चर्मकार कुटुंबात. वडील लष्करात नोकरीस होते. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे धाकटे बंधूही नामांकित क्रिकेटपटू होते.

पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात ते खेळपट्टी झाडण्याचे व तिच्यावर रूळ फिरविण्याचे काम दरमहा ३ रुपयांवर करीत. १८९२ च्या सुमारास ते यूरोपियनांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर रुजू झाले. तेथे जे. जी. ग्रेग या नाणावलेल्या फलंदाजाला सरावासाठी ते तासन्‌तास गोलंदाजी करीत. आपल्याला बाद केल्यास ग्रेग त्यांना दर वेळी आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. फलंदाजीची संधी मात्र त्यांना तेथे मिळाली नाही. टप्प्यावरील हुकमत आणि चेंडूच्या गतीत व वळणात सहज बदल करण्याचे कसब त्यांनी या पगारी राबणुकीतच कमावले. शरीरावर फारसा ताण न देणारी ही संथ गोलंदाजी पुढे पाव शतक टिकली.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळविले, तरी चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई व जेवणाचे पानही वेगळे मांडले जाई. चेंडू हाताळताना न मानला जाणारा विटाळ पंगतीत मात्र मानला जात होता. १८९६ नंतर ते मुंबईस आले. तेथे त्यांनी काही काळ लष्करात व नंतर बी. बी. सी. आय. रेल्वेत नोकरी केली आणि ते हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी यूरोपियनांचा १०९ धावांनी पराभव केला, त्यात त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता.

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. दौरा एकंदरीत अपयशी ठरला. तथापि पस्तिशीतील बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले (सरासरी १८·८४). इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सशी त्यांची तुलना होई. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले (सरासरी १५·२१), पैकी ७५ या एकाच दौऱ्यातील होत. यावरून मायदेशी असे सामने किती विरळ होते, हे दिसते. क्लबांच्या सामन्यांतील त्यांची गोलंदाजी या आकड्यांत येत नाही. भारताने पहिला कसोटी सामना खेळला तेव्हा (१९३२) ते छप्पन्न वर्षांचे होते.

हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच देण्यात आले नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत या अन्यायाविरुद्ध विठ्ठल व शिवराम संघाबाहेर पडले. अंतिम सामन्यासाठी तडजोड होऊन बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले आणि कर्णधार मैदानाबाहेर असताना त्यांनी काही वेळ संघाचे नेतृत्व केले. १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले व हिंदू संघाने ती स्पर्धा जिंकली. तोवर बाळूंची कारकीर्द संपली होती.

अस्पृश्य समाजात त्यांच्याविषयी मोठा अभिमान होता. तरुण डॉ. आंबेडकरही त्यांच्या चाहत्यांपैकी होते. पुढे स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर दोघांत मतभेद झाले आणि १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. त्यांना ११,२२५ तर आंबेडकरांना १३,२४५ मते पडली. मुंबई येथे त्यांचे निधन झाले.