अजानवृक्षाखाली

ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती नेवाशाला, शके १२१२ मध्ये, एका खांबाला टेकून. तो पैस खांब आजही तिथे आहे. पण पारायणाला माणसं आळंदी गाठतात आणि झाडाखाली बसतात. ज्ञानेश्वर माउलींच्या समाधिमंदिराच्या आवारातला अजानवृक्ष मला साऱ्या आळंदीत सर्वांत जवळचा. दर्शनबारीत मागचा रेटा आपल्याला पुढे नेतो. इथे हवं तितकं बसावं, कुणी उठवत नाही.

या झाडाची कीर्ती पसरली ती एकनाथांमुळे. माउलींच्या समाधीला (इ. स. १२९६) जवळपास तीनशे वर्षं होत आली होती. तिकडे पैठणला नाथांचा घसा दुखू लागला. ज्ञानदेव स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. नाथांच्या अभंगात ही हकिकत आहे, कीर्तनकार ती रंगवून सांगतात. ऐकताना माझं मन दर वेळी एकाच जागी थांबतं. प्रत्यक्ष माउलींना त्रास झाला, तरी झाड तोडा असं कुणी म्हटलं नाही. मुळी तेवढी दूर झाली. झाडाशी कसं वागावं हे याहून सोपं करून कुणी सांगितलेलं मला ठाऊक नाही.

आणि नाथांनी पुढे केलं ते काम तर केवढं! नकला करणाऱ्यांच्या हातून ज्ञानेश्वरीचे पाठ बिघडले होते, परक्या ओव्या शिरल्या होत्या. त्यांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, शुद्ध प्रत सिद्ध केली आणि यापुढे कुणी आपली ओवी यात घालू नये, असं शेवटी बजावलं. झाडाखाली आज मांड्यांवर उघडलेल्या बहुतेक पोथ्या त्याच परंपरेतल्या.

हे झाड तसं दुर्मिळ नाही. कोरड्या रानांत ते वाढतं, दातरंग म्हणून ओळखतात. हिवाळा सरता सरता बारीक पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, मग वाटाण्याएवढी फळं. आळंदीत मात्र त्याचं पान तोडत नाहीत. गळालेलं उचलायचं, कपाळाला लावायचं, पोथीत ठेवायचं. माझ्या आजीच्या पोथीत नवव्या अध्यायापाशी असं एक पान आहे. त्याचा हिरवा गर कधीच झडून गेला, आता नुसती शिरांची जाळी उरली आहे. मागच्या पानावर तिचा तपकिरी ठसा उमटलाय, आणि त्या ठशाखालच्या दोन ओव्या मी डोळ्यांना ताण न देता वाचते, कारण त्या पाठ झाल्यात.

झाडाखाली प्रत्येकाचं वाचन वेगळं चालतं. कुणी दुसऱ्या अध्यायात, कुणी पंधराव्यात, कुणी पुटपुटत, कुणी खड्या आवाजात. थोड्या वेळाने त्या आवाजांचा त्रास वाटेनासा होतो. उलट घरी एकटीने वाचताना लागत नाही असं चित्त इथे लागतं. वर पानांची सळसळ असते, त्यात सगळे सूर मिसळतात.

मागच्या वेळी शेजारी परभणीकडच्या एक बाई होत्या. चष्मा पुसता पुसता त्यांनी विचारलं, "माउली, कितवा चाललाय?"

"बारावा."

"लहानच आहे तो. आरतीआधी होईल. तेराव्याला मात्र उद्या सकाळी लवकर या, लई मोठा आहे. मी जागा धरून ठेवते."