बागी कोण? खडकीच्या मलिक अंबरची गोष्ट

आठवीच्या वर्गात एका मुलानं मला विचारलं, "सर, बागी अच्छे रहते के बुरे?"

पोरानं 'स्टार वॉर्स'चे सिनेमे पाहिले होते. काही भागांत प्रजासत्ताकातून फुटलेल्या ग्रहांची आघाडी खलनायक ठरते, तर काहींत साम्राज्याशी लढणारे बंडखोरच नायक. मी म्हणालो, "बेटा, अशी एक आघाडी आपल्याच शहरात होती."

1600 मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. पण गुलाम म्हणून विकला जात दख्खनमध्ये पोहोचलेल्या मलिक अंबर या हबशी सरदारानं परांड्याला मुर्तजा निजामशहाला गादीवर बसवलं आणि राज्य पुन्हा उभं केलं. 1610 मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं आपलं शहर. मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून 1612 मध्ये भडकल दरवाजा बांधला. त्याच्या फौजेत हबशी, दख्खनी मुसलमान आणि मराठे एकत्र होते. विजापूर आणि गोवळकोंड्याची मदतही मिळायची. समोरासमोर भिडण्याऐवजी शत्रूची रसद तोडायची, ही त्यांची रीत. तिला बारगीगिरी म्हणत.

जहांगीरच्या लेखी हे सगळे बंडखोर. त्यानं एक चित्र काढून घेतलं. त्यात भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर तो बाण मारतोय. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधीच लागला नाही. बादशहानंही कल्पनेचाच आधार घेतला!

मग आघाडी हरली कशानं? फितुरीनं. काही सरदार मुघलांना जाऊन मिळाले. त्यात मराठे जाधवराव होते, तसा याकूत खानही होता. 1616 मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबरचा पराभव झाला आणि मुघलांनी खडकी जाळली. 1624 मध्ये भातवडीच्या लढाईत तर कालचं मित्र विजापूर मुघलांच्या बाजूनं उभं होतं. त्या दिवशी अंबरच्या बाजूनं शहाजीराजे लढले. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच कामी आले. ती लढाई अंबरनं जिंकली.

म्हणजे एकत्र येताना कुणी धर्म विचारला नाही आणि फुटतानाही नाही. आज इतिहासाची दोन धर्मांत सरळ वाटणी करणाऱ्यांना भातवडी कुठल्या रकान्यात टाकायची, ते सांगता येणार नाही.

मुलाला मी उलटा प्रश्न केला, "दख्खन मुघलांचं होतं कधी, की हे लोक त्यातून फुटले म्हणायचं?" तो विचारात पडला.

बागी हा शब्द कुणाच्या दरबारात लिहिला गेला, ते आधी पाहावं. 1626 मध्ये अंबर वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे. जाळलेली खडकी त्यानं पुन्हा उभी केली होती. पुढच्या सहलीला वर्ग तिकडेच न्यायचं ठरवलंय.