तात्या विंचूला नक्की कोण घाबरलं होतं?

आजचा भाग एका बाहुल्याबद्दल आहे. म्हणजे नाव बाहुल्याचं, पण गोष्ट त्याला बघणाऱ्यांची.

'झपाटलेला' कसा सिनेमा आहे, हा प्रश्न मी गेले काही दिवस भेटेल त्याला विचारतेय. घरात, ऑफिसात, रिक्षात. उत्तर माणसाच्या वयावर ठरतं, हे मला तिसऱ्या-चौथ्या माणसालाच कळलं. साठीच्या आसपासचे लोक पटकन म्हणतात, 'विनोदी.' विशीतले काही म्हणतच नाहीत, सरळ स्टिकर पाठवतात. आणि चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे असलेले? ते आधी हसतात, मग क्षणभर थांबतात, आणि मग आवाज थोडा खाली आणून सांगतात, 'अगं, मी कितीतरी रात्री झोपलो नव्हतो.'

सिनेमा एकच, साल १९९३. मग हॉरर पाहिला कुणी आणि कॉमेडी कुणी?

इतिहास लिहिणाऱ्याची इथे पंचाईत होते. किती तिकिटं विकली गेली ते एक वेळ शोधता येतं. समीक्षा सापडतात, त्या मोठ्या माणसांनी लिहिलेल्या. पण सात वर्षांच्या मुलीने डोळ्यांवर हात नक्की कुठल्या सीनला ठेवला, याची नोंद कोण ठेवणार? प्रेक्षकांचं मत म्हणून जे कागदावर उरतं, ते बहुतेक वेळा तिकीट काढणाऱ्याचं मत असतं. मांडीवर बसलेल्याचं नसतं.

ज्यांनी पाहिला नाही (आहेत असे लोक, मला भेटलेत!) त्यांच्यासाठी थोडक्यात. महेश कोठारेंचा सिनेमा. तात्या विंचू नावाचा गुंड पोलिसांच्या गोळीने मरायच्या बेतात असतो. एका मांत्रिकाकडून मिळवलेला मंत्र म्हणून तो आपला जीव एका बाहुल्यात घालतो. तो बाहुला येतो लक्ष्याच्या घरी, म्हणजे आपल्या लक्ष्मीकांत बेर्डेंच्या घरी. आता तात्याला पुन्हा माणूस व्हायचंय आणि त्यासाठी हवाय लक्ष्याचाच देह. लक्ष्या जीव तोडून सांगतो की बाहुला जिवंत आहे. कुणीही विश्वास ठेवत नाही.

हे 'कुणीही विश्वास ठेवत नाही' लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता ज्यांना इंग्रजी सिनेमांची माहिती आहे, त्यांचं मत ठरलेलं असतं: 'नक्कल आहे रे, चकीची.' बरोबर. १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मध्ये हाच सांगाडा आहे. मरणारा गुन्हेगार, मंत्र, बाहुला. उसनवारी स्पष्ट आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. पण मला त्या मताचा कंटाळा येतो, कारण ते तिथेच थांबतं. काय घेतलं यापेक्षा काय बदललं ते बघा. अमेरिकन सिनेमात बाहुल्याचा मालक सहा वर्षांचा मुलगा आहे. मराठीत तो मालक चांगला वाढलेला बाप्या आहे. एवढा एक बदल केला आणि थिएटरचे दोन भाग झाले. मोठ्यांना दिसलं ते असं, की एवढा मोठा माणूस बाहुल्याला घाबरून पळतोय. हशा. आणि मुलांना? एवढा मोठा माणूससुद्धा घाबरतोय, म्हणजे आपलं काय होणार! एकाच पळापळीवर पुढच्या रांगेत हसू आणि शेजारच्या खुर्चीत रडू.

दुसरा बदल आपल्याकडे आधीपासून असलेल्या एका गोष्टीचा. शब्दभ्रम. य. के. पाध्येंनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अर्धवटराव घडवला आणि बोलक्या बाहुल्या मराठी घरांत ओळखीच्या झाल्या. पुढे त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी ती कला चालवली, टीव्हीवर आणली. लिज्जत पापडचा तो ससा आठवतो ना? त्यांचाच. आणि तात्या विंचूचा बाहुलाही त्यांनीच केला, त्यांनीच हलवला. सिनेमातल्या लक्ष्यालाही बोलक्या बाहुल्यांचा नाद आहे. म्हणजे बघा, अशा माणसाच्या घरी बाहुला बोलला तर नवल ते काय? उलट बोलला नाही तरच विचारायला हवं.

इथे जरा आडवाट घेते, कारण मला हा भाग फार आवडतो. आवाज एकीकडून आणि ओठ दुसरीकडे, ही करमणूक अगदी अलीकडची आहे. प्राचीन ग्रीसमध्ये अशा लोकांना 'पोटातून बोलणारे' या अर्थाचा शब्द होता आणि त्यांच्या आत कुणीतरी दुसराच बोलतोय असं मानलं जायचं. युरोपात अठराव्या शतकाच्या सुमाराला हळूहळू ती रंगमंचावरची गंमत झाली. म्हणजे शब्दभ्रम आधी अंगात येणं होतं, मग खेळ झाला. 'झपाटलेला' त्या खेळाला परत अंगात येण्याकडे नेतो. नावातच आहे की.

'चाइल्ड्स प्ले'च्या वेळी उलटं घडलं होतं. दिग्दर्शक टॉम हॉलंड यांची पहिली लांबलचक आवृत्ती प्रेक्षकांना दाखवून पाहिली तेव्हा ती पसंत पडली नाही. मग कात्री चालली, बाहुला कमी दिसू लागला, कमी बोलू लागला आणि सिनेमा ८७ मिनिटांवर आला. तिथल्या प्रेक्षकाला बाहुला जितका कमी दिसेल तितका भीतीदायक. आपला तात्या मात्र गप्प बसायला तयार नाही. तो बडबडतो, शिव्या घालतो, हुकूम सोडतो. बोलक्या बाहुल्या बघत वाढलेल्या प्रेक्षकाला न बोलणारा बाहुला देऊन चाललं असतं का? मला नाही वाटत.

आणि तो आवाज! दिलीप प्रभावळकरांचा. आता हा मुद्दा माझ्या मामाने दिला, श्रेय त्याला. मी विचारलं, 'मामा, तुला खरंच भीती नाही वाटली?' तो म्हणाला, 'अगं, कसली भीती? मला आतून चिमणराव ऐकू येत होता.' सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशींच्या चिमणरावाची मालिका लागायची, त्यात चिमणराव प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ बाळ कर्वे. ज्यांनी ती पाहिली होती, त्यांच्यासाठी तात्याच्या आत एक भित्रा, सज्जन, मध्यमवर्गीय माणूस आधीच बसलेला होता. आणि १९९३ मध्ये पाच-सात वर्षांच्या मुलांसाठी? त्यांनी चिमणराव पाहिलेलाच नाही. त्यांना ऐकू आला तो फक्त तात्या. तोच घसा, तोच माणूस, आणि दोन पिढ्यांना दोन वेगळे आवाज. पुढे 'श्रीयुत गंगाधर टिपरे' मालिकेत तेच प्रभावळकर गोड आबा झाले, तेव्हा अनेकांना पहिल्यांदा कळलं की आपण लहानपणी कुणाला घाबरत होतो. माझी ताई सांगते, तिला टिपऱ्यांच्या आबांवर पूर्ण विश्वास ठेवायला महिना लागला!

आता जरा गंभीर. त्याच १९९३ सालात, त्याच बाहुल्याच्या गोत्यात, ब्रिटनमध्ये काय चाललं होतं ते सांगते. फेब्रुवारीत लिव्हरपूलजवळ दोन दहा वर्षांच्या मुलांनी एका दोन वर्षांच्या मुलाला मारलं. देश हादरला. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा न्यायाधीशांनी हिंसक व्हिडिओंचा या घटनेशी काही संबंध असू शकेल, असं बोलून दाखवलं. वर्तमानपत्रांनी 'चाइल्ड्स प्ले ३' पकडला, कारण त्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी ती कॅसेट भाड्याने आणली होती. मुलांनी ती पाहिल्याचा पुरावा नाही, असं पोलीस म्हणत होते. तरी एका खपाच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावरून कॅसेट जाळायचं आवाहन केलं. १९९४ मध्ये कायदा बदलला. व्हिडिओला प्रमाणपत्र देताना बघणाऱ्याला होऊ शकणाऱ्या अपायाचा विचार करणं बंधनकारक झालं.

म्हणजे तिकडे बाहुला आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि इकडे त्याच्याच चुलतभावाला बघायला घरची घरं पोराबाळांसकट थिएटरात.

आपण शहाणे आणि ते घाबरट, असं मला म्हणायचं नाहीये. एक मूल मेलं होतं. तिथल्या आईबापांची भीती खोटी नव्हती. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी झाली. तिकडे मोठ्यांनी ठरवलं की मुलं बिघडतील. इकडे मोठ्यांनी ठरवलं की मुलं हसतील. मुलांना विचारलं कुणी? ब्रिटनमध्ये निदान डेव्हिड बकिंगहॅम या अभ्यासकाने मुलांशी बसून गप्पा मारल्या, त्यावर १९९६ मध्ये पुस्तक काढलं. मुलं घाबरतात, पण भीतीशी कसं वागायचं याच्या युक्त्याही शोधतात, मुद्दाम भीतीदायक बघतात, नंतर मित्रांना ऐटीत सांगतात, असं त्यात दिसतं.

आपल्याकडे असं काम झालेलं माझ्या पाहण्यात आलं नाही, म्हणून मी आपलं घरगुती सर्वेक्षण चालवलं. युक्त्या तिथेही निघाल्या. एका मैत्रिणीने सगळ्या बाहुल्यांची तोंडं भिंतीकडे करून ठेवली होती. आत्येभावाने आपलं सॉफ्ट टॉय वरच्या मजल्यावरच्या मुलाला 'भेट' दिलं, म्हणजे आता तो त्याचा प्रश्न. आणि जवळजवळ प्रत्येकाने एक वाक्य सांगितलं, जे आईने किंवा बाबांनी तेव्हा ऐकवलं होतं: 'वेडा आहेस का, बाहुला आहे तो.' हेच वाक्य सिनेमात लक्ष्याला प्रत्येक जण ऐकवतो, थोड्याफार फरकाने. पडद्यावरच्या माणसाचं कुणी ऐकत नव्हतं, आणि पडद्यासमोरच्या मुलाचंही. माझ्या मते त्या मुलांना लक्ष्या हसवत नव्हता. तो एकटाच त्यांच्या बाजूचा होता.

पुढचं झटपट सांगते. १९९९ नंतर मराठी खासगी वाहिन्या आल्या, मग २००७ मध्ये झी टॉकीज. सिनेमा अंधारातून दुपारच्या उजेडात आला, जाहिरातींच्या मध्ये आला, पुन्हा पुन्हा आला. माझी ओळख अशीच झाली. दहाव्यांदा बघताना कोण घाबरणार? संवाद पाठ झाले. २००४ मध्ये लक्ष्मीकांत बेर्डे गेले आणि नंतर हा सिनेमा बघण्यात भीतीपेक्षा त्यांची आठवण जास्त मिसळली. २०१३ मध्ये 'झपाटलेला २' थ्रीडीत आला, तेव्हा प्रेक्षक जुन्या ओळखीच्या माणसाला भेटायला गेल्यासारखे गेले. ओळखीच्या माणसाची भीती वाटत नाही. मग मीम. ज्या मुलांनी बाहुल्या भिंतीकडे वळवल्या, त्यांच्याच पिढीने तात्याला व्हॉट्सअ‍ॅपवर आणून ऑफिसच्या बॉसचं रूप दिलं. हा सूड आहे, आणि मला तो मान्य आहे.

शेवटी 'मुंज्या'. जून २०२४, आदित्य सरपोतदार दिग्दर्शक, सिनेमा हिंदी पण माती कोकणातली. शंभर कोटींच्या पुढे गेला, वगैरे. माझं लक्ष एका नियमावर गेलं. त्यातला मुंज्या फक्त रक्ताच्या नातेवाइकांनाच दिसतो. बिट्टू सांगतोय, आणि बाकीच्यांना समोर काही दिसतच नाही. तीस वर्षांनी पुन्हा तोच खेळ.

आमच्या घरची मतं ऐका. आजीची तक्रार भीतीची नव्हतीच, तपशिलाची होती. 'मुंज्या असा कुठे असतो? तो पिंपळावर बसतो, त्याच्या वाटेला गेलं नाही तर तो कशाला येतोय?' दादाला ग्राफिक्स आवडले. वहिनीला मोना सिंग. सगळे मिळून नऊ वर्षांच्या भाच्याला विचारत होते, 'मजा आली ना?' तो 'हो' म्हणाला. त्या रात्री बाथरूमला जाताना त्याने मला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं, आणि आतून दर दहा सेकंदांनी, 'मावशी, आहेस ना?'

दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंगचा माईक लावून मी त्याला नीट विचारलं, कुठे भीती वाटली. तोंड बघून? दात बघून? त्याने बराच विचार केला. 'तो लहान आहे ना मावशी,' तो म्हणाला, 'माझ्याएवढा.'

तुमच्या घरी १९९३ चं किंवा २०२४ चं कुणी असेल तर त्यांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. वय सांगायला विसरू नका.