स्लॅलम स्कीची फिन: कुळकथा स्क्रूंची

वॉटर स्कीचा जन्म कुठला, ते नेमके सांगता येते. 1922 साली अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, पेपिन सरोवरावर, 18 वर्षांच्या राल्फ सॅम्युएलसनने पाइनच्या फळ्यांची टोके उकळत्या पाण्यात मऊ करून वाकवली आणि त्या पायांत अडकवून तो बोटीमागे उभा राहिला. या कथेत फिन, म्हणजे शेपटीखाली बसवलेले उभे पाते, कुठेच येत नाही. तिचे नाते सर्फिंगच्या घराण्यात सापडते. 1935 मध्ये टॉम ब्लेकने टाकून दिलेल्या एका स्पीडबोटीची फिन आपल्या सर्फबोर्डाच्या बुडाला बसवली आणि बोर्डाची घसरणारी शेपटी ताब्यात आली. म्हणून मूळपुरुषाचा मान ब्लेकला द्यावासा वाटतो. पण स्लॅलमची फिन जिच्यामुळे वेगळी ठरते, ती सोय ब्लेकच्या बोर्डात नव्हती. ही फिन सरकवता येते. माझ्या मते तिचा खरा इतिहास तिला पकडून ठेवणाऱ्या स्क्रूंपासून सुरू होतो.

दोन स्कींवर सरळ जाणाऱ्याला फिन फक्त रेषा धरायला पुरते. स्लॅलममध्ये स्की एकच असते. मध्यरेषेपासून 11.5 मीटर दूर असलेले सहा बोये आलटूनपालटून दोन्ही बाजूंनी वळसा घालून पार करायचे, पुरुषांच्या स्पर्धेत ताशी 58 किलोमीटर वेगाने. आणि प्रत्येक यशस्वी फेरीनंतर दोर आखूड होत जातो. तो 11.25 मीटरवर आला की बोयापर्यंत दोर पोहोचतच नाही, अंग झोकून द्यावे लागते. तिथे शेपटी किती घसरावी हाच प्रश्न उरतो. फिन खोल बसवली तर शेपटी पाणी धरते, उथळ बसवली तर सुटते. पुढे सरकवली की वळताना स्कीचे टोक अधिक चावते. तिच्यावरच्या आडव्या पंखाचा कोन वळणाआधीचा वेग मोडतो. गंमत अशी, की फिनची पुढची कड तिरकी असल्याने खोली बदलली की लांबीही बदलते. एकच गोष्ट बदलून पाहणे म्हणूनच कठीण, आणि बारीक मोजमाप घेणारा व्हर्नियर कॅलिपर हातात आल्याशिवाय या प्रयोगांना अर्थ नव्हता.

आक्षेप उघड आहे: इंचाचा शतांश, म्हणजे पाव मिलिमीटर, इकडेतिकडे केल्याने काय होणार? हा मनाचा खेळ नसेल कशावरून? यात तथ्य आहे. फिन हलवणारा आणि निकाल ठरवणारा बहुधा एकच माणूस असतो, आणि त्याला बदल जाणवायलाच हवा असतो. झोप, वारा, थंड पाणी यांचा परिणामही याहून मोठा असू शकतो. तरीही आक्षेप पूर्ण टिकत नाही. बोयांची जागा ठरलेली, दोराची लांबी ठरलेली, बोटीचा वेगही आता जीपीएसवर चालणारी यंत्रणा सांभाळते. इतकी स्थिर प्रयोगशाळा फार थोड्या खेळांना मिळते. एका फेरीवरून काही ठरत नाही, पण अनेक फेऱ्यांत तीच चूक त्याच बाजूला होत राहिली, तर फिनवर संशय घ्यायला जागा आहे.

खरी कमजोरी मोजमापात आहे. कॅलिपरच्या टोकांनी घेतलेली लांबी आणि जबड्यांनी घेतलेली लांबी एकाच फिनवर वेगळी येते. त्यामुळे दुसऱ्या कुणाचे आकडे आपल्या स्कीवर उतरवण्याआधी ते कशाने मोजले हे विचारा, आणि स्क्रू सैल करण्यापूर्वी आपले जुने आकडे लिहून ठेवा.