रक्तातील विळा आणि विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती

डिसेंबर 1904 मध्ये शिकागो येथील एका रुग्णालयात वीस वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकण्यासाठी आलेल्या या तरुणाचे नाव वॉल्टर क्लेमेंट नोएल. डॉ. अर्नेस्ट आयर्न्स यांना त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या आणि 1910 साली डॉ. जेम्स हेरिक यांनी तो वृत्तान्त प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वैद्यकात सिकलसेलची पहिली नोंद झाली ती अशी, एका विद्यार्थ्याच्या निमित्ताने.

नोएल वारंवार आजारी पडे; तथापि 1907 मध्ये तो सहाध्यायांबरोबर पदवी घेऊन मायदेशी परतला व 1916 मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, निवर्तला. त्याचे घराणे संपन्न होते, हे येथे विसरून चालणार नाही. ज्याच्या घरी असे पाठबळ नाही, त्या विद्यार्थ्याने काय करावे?

हा प्रश्न दूरच्या बेटाचा नव्हे. 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत हा रक्तदोष आढळला, तर 1958 साली डॉ. शुक्ल व डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद प्रसिद्ध केली. आज विदर्भात आणि नंदुरबारकडे आदिवासी, दलित व इतर मागासवर्गीय अशा अनेक समाजांत तो आहे. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारात एक असतो. ज्ञातीतल्या ज्ञातीत सोयरिकी करणाऱ्या आपणांस हे गणित ठाऊक असलेच पाहिजे. पत्रिकेआधी रक्ततपासणी व्हावी. परंतु वाहक मुलीस वा मुलास कोणी दूषण देऊ नये.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलचा समावेश 21 दिव्यांगत्वांत केला. त्यामुळे किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळालेल्या विद्यार्थ्यास केंद्र शासनाच्या दिव्यांग शिष्यवृत्तींसाठी अर्ज करता येतो. पण या व्याधीची रीतच अशी की, आज धडधाकट दिसणारा मुलगा उद्या असह्य वेदनेने अंथरुणास खिळतो. थंडी, अतिश्रम, अपुरे पाणी एवढेही निमित्त पुरते. अशा मुलास हजेरीची अट लावून साहाय्य नाकारणे म्हणजे त्याच्या आजारासच दंड करणे होय.

म्हणून आपल्या शिक्षणनिधीच्या चालकांस नम्र सूचना आहे. वैद्यकीय दाखला असल्यास गैरहजेरी माफ करावी. आजारापायी वर्ष वाया गेल्यास शिष्यवृत्ती थांबवू नये. रुग्णालयाच्या प्रवासखर्चाची तरतूद असावी. आणखी एक गोष्ट. गुणवंतांची नावे व छायाचित्रे आपण स्मरणिकेत अभिमानाने छापतो. या विद्यार्थ्यांचा आजार मात्र त्यांच्या संमतीवाचून कोठेही छापू नये. अन्यथा लग्नाच्या चिंतेने आईबाप अर्जच करणार नाहीत, आणि निधी असूनही मूल शाळेबाहेर राहील.

नोएलला घराण्याने तारले. आपल्या मुलांचे घराणे म्हणजे हा समाजच आहे.