पिमा समाज : मधुमेह आणि शारीरिक श्रम

अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात हिला नदीच्या कालव्यांवर मका, घेवडा, भोपळा पिकवणारे पिमा लोक वैद्यकविश्वात ओळखले जातात ते टाइप-२ मधुमेहामुळे. दुष्काळात तगवणारे जनुक सुबत्तेत घातक ठरते, ही जेम्स नील यांची १९६२ मधील ‘काटकसरी जनुका’ची कल्पना पुढे त्यांना जणू चिकटवलीच गेली. मात्र २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ॲरिझोनातील पिमांमध्ये मधुमेह ३८ टक्के, तर मेक्सिकोतील मायकोबा परिसरातल्या त्यांच्याच भाईबंदांमध्ये सुमारे ७ टक्के आढळला. मायकोबात अंगमेहनतीची शेती टिकून होती. ॲरिझोनातील श्रम आळसामुळे सुटले, असे म्हणणे (ते म्हटलेही जाते) अन्यायाचे आहे : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नदीच्या वरच्या अंगाला वसलेल्या वसाहतकऱ्यांनी पाणी वळवले, शेती बुडाली आणि सरकारी शिध्यातले पीठ, साखर, चरबी ताटात आली.

हा आजार घराण्यांतून उतरतो, मग आनुवंशिकता कशी नाकारणार, हा आक्षेप रास्त आहे. ती नाकारता येत नाहीच. पण गरोदर मातेच्या मधुमेहाने मुलाची जोखीम वाढते, हेही पिमांच्याच अभ्यासांतून दिसले. म्हणजे पिढ्यांमधला सारा वारसा जनुकांचा नव्हे. आणि ज्या पाण्याच्या वळवण्याने शेती बुडाली, त्यावरील पिमांच्या हक्काबाबतचा तडजोड कायदा झाला तो थेट २००४ मध्ये.